झडत्या थांबल्यावर

13 मार्च ते 19 मे 1897 या सव्वादोन महिन्यांत पुणे शहरात लष्कराच्या शिपायांनी 2,18,214 झडत्या घेतल्या. त्यांत प्लेगचे रोगी सापडले 338 आणि प्रेते 64. शहरात एवढी घरे नव्हतीच. म्हणजे हा आकडा घरांचा नाही, झडत्यांचा आहे. एकेका उंबऱ्यावर शिपाई पुन्हा पुन्हा येऊन उभे राहिले. सुमारे साडेसहाशे वेळा दार उघडायला लावावे, तेव्हा एक रोगी हाती लागे.

या झडत्यांची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्या वॉल्टर चार्ल्स रँडच्या खुनाचा विचार करताना मी दर वेळी या आकड्यांपाशी अडतो. चापेकर बंधूंची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ ही आरोळी, फासावर गेलेले तीन सख्खे भाऊ. ती गोष्ट सांगताना आपला आवाज चढतो आणि बायकांच्या अब्रूचा सूड घेतला, एवढ्यावर ती संपते. पण परक्या सत्तेच्या अंमलदाराला अंधारात गाठून मारणे न्याय्य होते का, असा प्रश्न कोणी सरळ विचारला, तर चढलेला आवाज उपयोगाचा नाही. कागदांकडे जावे लागते, आणि कागद भरपूर आहेत.

खुद्द रँडने लिहिलेला प्लेग-कारवाईचा अहवाल आहे. तो त्याच्या हातून मसुद्याच्या अवस्थेत राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर सरकारने छापला. दामोदर हरी चापेकरांनी 8 ऑक्टोबर 1897 रोजी दिलेला कबुलीजबाब आहे. नंतर तुरुंगात त्यांनी मराठीत लिहिलेले आत्मवृत्त आहे. ते बराच काळ सरकारी इंग्रजी भाषांतरातूनच अभ्यासकांना माहीत होते. मूळ मराठी आत्मवृत्त वि. गो. खोबरेकरांनी संपादित करून 1974 मध्ये लोकांपुढे आणले. ‘केसरी’चे अंक आहेत, टिळकांवरच्या खटल्याचे कामकाज आहे, गोखल्यांचा माफीनामा आहे. यांतला प्रत्येक कागद कुणाच्या तरी बाजूने बोलतो. रँड स्वतःच्या कामाची सफाई देतो. दामोदरपंत मरणाच्या दारात बसून आपल्या आयुष्याचा अर्थ लावतात. या दोघांनी एकमेकांचे लिखाण कधीच वाचलेले नाही. म्हणूनच दोन्ही कागद जिथे एकमेकांना दुजोरा देतात ती जागा भक्कम धरावी, आणि जिथे एक बोलतो नि दुसरा गप्प बसतो तिथे जास्त थांबावे.

आधी कायदा. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीच्या वस्तीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोगांचा कायदा झाला. कलमे इनमिन चार. तिसऱ्या कलमाने हुकूम मोडणे हा गुन्हा ठरवला. चौथ्याने सांगितले की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा किंवा फिर्याद चालणार नाही. हे चौथे कलम लक्षात ठेवायला हवे. झडतीत घराची नासधूस झाली, देव विटाळले, बाईमाणसाला ओढून रस्त्यावर आणले, तर दाद कोणाकडे मागायची? कोर्टाचे दार कायद्यानेच लोटून घेतले होते. उरला अर्ज. अर्ज करायचा तो ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे.

फेब्रुवारीच्या मध्यात रँड साताऱ्याहून पुण्यात आला. तिथे असताना 1894 मध्ये मशिदीजवळ वाद्ये वाजवल्याच्या प्रकरणात त्याने वाईच्या प्रतिष्ठित हिंदूंना तुरुंगात धाडले होते, त्यामुळे त्याचे नाव पुण्यात आधीच माहीत होते आणि चांगल्या अर्थाने माहीत नव्हते. 8 मार्चला प्लेग कमिटी झाली. रँड अध्यक्ष, डरहॅम लाइट इन्फंट्रीचा मेजर पॅजेट शिपायांचा प्रमुख, आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हा वैद्यक जाणणारा, ज्याने हाँगकाँगची 1894 ची साथ पाहिली होती. कमिटीच्या दिमतीला अधिकारी आणि शिपाई मिळून 893 माणसे दिली गेली.

पुण्यावर इंग्रजांचा ताबा 1818 पासून होताच. पण तो कचेरीत होता, ठाण्यावर होता, कँपात होता. माजघरात तो शिरला 1897 च्या मार्चमध्ये.

त्याच आठवड्यात पुण्याजवळ आणखी एक गोष्ट घडली. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला उपचारासाठी आणताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत दवाखाना चालवत होते. कमिटी स्थापन होऊन दोन दिवस झाले होते, झडत्या सुरू व्हायला तीन दिवस होते. सावित्रीबाईंचे नाव मी इथे त्यांना वंदन करायला घेतलेले नाही. रोग्याला घरातून हलवणे त्यांनाही आवश्यक वाटत होते, रँडलाही वाटत होते. उद्देश एकच होता. एका ठिकाणी रोग्याला उचलणारे हात ओळखीचे होते. दुसऱ्या ठिकाणी दार ठोठावणारा संगीन घेऊन आला होता आणि त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

रँडवर अन्याय करायचा नसेल, तर तेव्हाचे वैद्यकही पाहायला हवे. प्लेगचा जंतू 1894 मध्ये सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँने 1898 मध्ये दाखवले, म्हणजे रँड मेल्यानंतर. 1897 मध्ये सरकारला वाटत होते की रोग घाणीत, अंधाऱ्या खोलीत आणि रोग्याच्या सहवासात आहे. म्हणून रोगी शोधा, इस्पितळात न्या, नातलगांना छावणीत वेगळे ठेवा, बिछाने-कपडे जाळा, भिंतींना चुना फासा, जमिनी उकरा. यांतले घर रिकामे करणे तेवढे खरोखर उपयोगी होते, आणि तेही सरकारला ठाऊक असलेल्या कारणासाठी नव्हे. अज्ञान हा अपराध नाही. पण अपुऱ्या ज्ञानावर एवढी बळजबरी उभारताना जो संकोच दिसायला हवा, तो रँडच्या मसुद्यात शोधूनही सापडत नाही.

झडतीत काय होत असे, याचे चित्र रँड आणि त्याचे शत्रू या दोघांच्याही लिखाणातून उभे राहते. शिपायांच्या टोळ्या भल्या पहाटे निघत. गल्ली दोन्ही तोंडांनी अडवायची, घरे एकामागून एक उघडायची. दार उघडले नाही तर फोडायचे, कारण लोक रोगी लपवत होते, हे खरेच होते. गाठीच्या प्लेगची गाठ येते जांघेत, काखेत किंवा मानेवर. ती शोधायची तर अंगावरचा कपडा बाजूला करावा लागतो. परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बाईच्या दृष्टीने, शिपाई कितीही सभ्य असला, तरी ही तपासणी म्हणजे विटंबनाच होती. शिपायांनी बायकांशी अदबीने वागावे, धर्मभावना जपाव्यात, अशा सूचना कमिटीने दिल्या होत्या. त्या कागदावर आहेत आणि त्या खोट्या असण्याचे कारण नाही. पण जे काम मुळातच अदबीने होऊ शकत नाही, ते अदबीने करा असे सांगून कोणाची जबाबदारी संपते?

दुसरी वाट नव्हती, असेही म्हणता येत नाही. त्याच मार्चमध्ये, त्याच कायद्याखाली मुंबईत ब्रिगेडिअर जनरल गॅटेकरच्या हाती प्लेगचे काम आले. तो तर पेशाने लष्करी. झडत्या तिथेही झाल्या, विरोधही झाला. तरी त्याने वेगवेगळ्या जमातींच्या पुढाऱ्यांना हाताशी धरले, त्यांची इस्पितळे उघडू दिली, बोलणी चालू ठेवली. पुण्यातही टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ काढले होते. टिळक शहर सोडून गेले नाहीत, आणि जे पुढारी गेले त्यांना ‘केसरी’ने झोडपले. प्लेगविरुद्धच्या उपायांना त्यांचा विरोध नव्हता. कारवाईच्या तऱ्हेला होता. म्हणजे सहकार्याला तयार माणसे पुण्यातही होती. त्यांच्याशी बोलण्याची गरज रँडला वाटली नाही.

आता मसुद्यातल्या एका वाक्याकडे येतो. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचा काटा त्यावर फिरतो. रँडने लिहिले आहे की, स्त्रियांच्या शीलाचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार कमिटीकडे किंवा शिपायांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, ही कमिटीला मोठ्या समाधानाची बाब वाटते.

‘विश्वसनीय’. हा शब्द कोणी ठरवायचा? तक्रारी आल्याच नाहीत, असे रँड म्हणत नाही. त्या आल्या, कमिटीने त्या विश्वसनीय मानल्या नाहीत. सरदार नातू बंधू झडत्यांविषयी तक्रारी मांडणाऱ्यांत होते. वर्तमानपत्रे दर आठवड्याला प्रकार छापत होती. पंडिता रमाबाईंनी प्लेग-इस्पितळातल्या बायकांच्या हालांविषयी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, सनातनी पुण्याने वाळीत टाकलेल्या. टिळकांच्या गोटाशी त्यांचे वाकडे होते आणि सरकारवर कुभांड रचण्याचे त्यांना काही कारण नव्हते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने त्यांचेही पत्र साफ चुकीचे आणि दिशाभूल करणारे म्हणून झटकून टाकले. यापेक्षा विश्वसनीय साक्षीदार पुण्याने आणायचा तरी कुठून?

गोखल्यांचे प्रकरण याच्या पुढचे. ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या पत्रांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. जुलैच्या अखेरीस ते परतले तेव्हा रँड मेला होता, टिळक आणि नातू यांना धरून नेले होते, शहर दहशतीखाली होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी पुढे यायला कोणी तयार होईना. गोखल्यांनी त्यांची नावे सांगितली नाहीत आणि ऑगस्टमध्ये जाहीर, विनाअट माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भ्याड म्हटले. मला तो माफीनामा भ्याडपणाचा वाटत नाही. ज्याचा पुरावा देता येत नाही ते विधान मागे घेणे हा त्यांचा सचोटीचा हट्ट होता, आणि नावे न सांगणे हाही तितकाच. पण सरकारने त्या माफीचा अर्थ असा लावला की असे काही घडलेच नाही. पुरावा नसणे आणि घटना नसणे यांत फरक असतो. साक्षीदाराला बोलायची भीती वाटत असेल, तर तो आणखी वाढतो.

तर अर्ज, वर्तमानपत्र, विलायतेतली मुलाखत, एका ख्रिस्ती विदुषीचे पत्र या साऱ्या वाटा एकाच भिंतीपाशी येऊन थांबल्या. शस्त्र उचलणे न्याय्य केव्हा ठरते, याविषयी जगभरच्या विचारवंतांनी जी कसोटी मानली आहे, तिच्यातले एक कलम असे की इतर सारे उपाय थकलेले असावेत. मार्च ते मेच्या पुण्यात ते थकत आले होते, हे मान्य केलेच पाहिजे. दामोदरपंतांच्या संतापाला जो खोटा म्हणेल त्याने रँडचे ते वाक्य पुन्हा वाचावे.

आणि तरीही मला पुढे जावे लागते, कारण तारखा पुढे नेतात.

झडत्या संपल्या 19 मेला. साथ ओसरली होती. रँडवर गोळी झाडली गेली 22 जूनच्या मध्यरात्रीनंतर. मध्ये चौतीस दिवस गेले. ज्या दिवशी पिस्तूल चालले, त्या दिवशी पुण्यात कोणाच्याही दारावर शिपाई नव्हता. झडतीला आलेल्या शिपायाला दारातच कोणी कोयत्याने अडवले असते, तर त्या माणसाची बाजू मी बिनदिक्कत घेतली असती. घर राखणे हा कुणाचाही हक्क आहे. इथे राखायचे काही उरले नव्हते. उरली होती ती शिक्षा, न्यायाधीशाविना दिलेली.

कबुलीजबाबातले दामोदरपंतांचे म्हणणे अगदी स्वच्छ आहे. शिपायांनी झडत्यांत मोठा जुलूम केला, देवळांत शिरले, बायकांना घराबाहेर काढले, मूर्ती फोडल्या, पोथ्या जाळल्या. याचा बदला घ्यायचे आम्ही ठरवले. पण साध्या माणसांना मारून काय उपयोग? मुख्य माणसालाच मारले पाहिजे. रँड मुख्य, म्हणून रँड. पोलिसांच्या हाती असताना दिलेला जबाब म्हणून तो जपून वापरावा लागतो. तरी आत्मवृत्तातला सूर त्याच्याशी जुळतो. आणि या म्हणण्यात एक नैतिक विचार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. हुकूम पाळणाऱ्याला सोडा, देणाऱ्याला धरा. आजही आपण याहून फार वेगळे बोलत नाही.

त्याच सुमारास पुण्यात या प्रश्नाची उघड चर्चाही झाली होती. 12 जूनला शिवराज्याभिषेक उत्सवाची सभा झाली. विषय अफझलखानाचा वध. प्रा. भानू बोलले, प्रा. जिनसीवाले बोलले, टिळक अध्यक्ष. महाराजांनी वार आधी केला की नंतर, हा वाद टिळकांनी बाजूला सारला. समजा त्यांनी ठरवूनच मारले. तरी ते पाप का? निःस्वार्थ बुद्धीने, लोककल्याणासाठी केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही, असा गीतेचा आधार त्यांनी दिला, आणि पीनल कोडाच्या डबक्यातून वर येऊन विचार करा, असे श्रोत्यांना सांगितले. वृत्तान्त 15 जूनच्या ‘केसरी’त आला. आठवड्याने गोळी सुटली आणि सरकारने दोन्हींची सांगड घातली. 14 सप्टेंबरला न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. नऊ ज्युरर, सहा युरोपियन विरुद्ध, तीन हिंदी बाजूने. तारखांचा क्रम इथेही बोलका आहे. दामोदरपंतांचा जबाब त्यानंतर 24 दिवसांनी झाला. मारेकरी कोण हे ठाऊक नसतानाच चिथावणी देणारा शिक्षा भोगू लागला होता. आणि आत्मवृत्त उघडले तर तिथे टिळकांविषयी शिष्याची भक्ती नाही, उलट नाराजी आहे. सुधारकांना टिळकांनी पुरते सोडलेले नाही, असा दामोदरपंतांचा राग आहे. ‘केसरी’ वाचून चापेकर घडले, हे सरकारचे म्हणणे त्यांच्याच कागदाने पडते.

पण टिळकांच्या त्या युक्तिवादातली एक अट मला महत्त्वाची वाटते: निःस्वार्थ बुद्धी, आणि लोकांचे हित. ती अट लावून आत्मवृत्त वाचले की मन अस्वस्थ होते. चापेकर बंधूंची हिंसा प्लेगपासून सुरू होत नाही. वडील हरी विनायक हे कीर्तनकार, मुले त्यांना साथ करणारी, घरात ओढग्रस्त. फौजेत शिरण्याचा दामोदरपंतांचा ध्यास, आणि सरकारने नाकारल्याचा सल. मग तालमी, मंडळ, मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालणे. आणि याच ओघात सुधारक मंडळींवर अंधारात घातलेले हल्ले. ते सारे त्यांनी स्वतः, अभिमानाने लिहिले आहे. म्हणजे ज्या हातांनी बायकांच्या विटंबनेचा बदला घेतला, तेच हात त्याआधी बायकांच्या शिक्षणासाठी आणि विधवांसाठी झगडणाऱ्यांवर पडले होते. शाळेतल्या धड्यात ही पाने येत नाहीत. ती गाळून चापेकरांना वंदन करणे म्हणजे त्यांचेही म्हणणे पुरते न ऐकणे.

आता ती रात्र. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ होता. ज्युबिलीच्या जाळांनी टेकड्या उजळल्या होत्या. दामोदरपंत आणि त्यांचे भाऊ बाळकृष्णपंत संध्याकाळीच जाऊन पोचले होते. तलवारी रस्त्यालगतच्या एका मोरीखाली दडवल्या. रँडची गाडी बंगल्याकडे जाताना दिसली, पण रस्त्यावर गर्दी फार होती, म्हणून परतीची वाट पाहायचे ठरले. मध्यरात्रीनंतर गाड्या निघाल्या. पिवळ्या बंगल्याजवळ दामोदरपंतांनी खुणेची हाक दिली, गाडीमागे धावत जाऊन पडदा वर केला आणि गोळी झाडली. ठरल्याप्रमाणे बाळकृष्णपंतांनीही रँडवरच गोळी झाडायची होती. ते मागे पडले. मागून दुसरी गाडी येत होती. तिच्यातली माणसे आपसात कुजबुजत आहेत, आपल्याला त्यांनी पाहिले असावे, असा त्यांना संशय आला. त्यांनी त्या गाडीतल्या पुरुषाच्या डोक्यात मागून गोळी घातली.

तो होता लेफ्टनंट चार्ल्स एजर्टन आयर्स्ट, कमिसरिएटचा, म्हणजे लष्कराच्या पुरवठा खात्याचा अधिकारी. शेजारी त्याची बायको बसली होती. तो जागीच गेला. रँड ससून इस्पितळात 3 जुलैपर्यंत जगला.

साध्या माणसांना मारायचे नाही, मुख्य माणसालाच मारायचे, हा नियम चापेकरांनी स्वतःच घातला होता. तो ज्या रात्री अमलात आला त्याच रात्री, काही क्षणांत, त्याच रस्त्यावर मोडला. आयर्स्टने कोणाचे दार उघडायला लावले नव्हते. त्याचा गुन्हा एवढाच की तो दुसऱ्या गाडीत होता आणि बोलत होता. ही चूक अंधाराची होती, घाईची होती, असे म्हणता येईल, खरेही आहे. पण अंधार आणि घाई ही या मार्गाची अंगेच आहेत. जिथे साक्ष ऐकायची सोय नाही, तिथे कुजबुज हाच पुरावा होतो. रँडने ‘विश्वसनीय’ शब्द आपल्या हाती ठेवला होता. गणेशखिंडीच्या रस्त्यावर तो बाळकृष्णपंतांच्या हाती आला.

यानंतर वर्तुळ दोन्ही बाजूंनी रुंदावत गेले. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले, पुण्यावर जादा पोलिस बसवून त्यांचा खर्च शहराच्या माथी मारला, आणि नातू बंधूंना 1827 च्या एका रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबले. झडत्यांविषयी तक्रार करणे हेच त्यांच्याविरुद्धचे संशयाचे कारण झाले. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा मथळा ‘केसरी’ने जुलैत दिला तो याच दिवसांत. पुढच्या वर्षी राजद्रोहाचे कलम आणखी कडक झाले.

दुसरीकडे द्रविड बंधू. गणेश शंकर आणि रामचंद्र शंकर यांनी पोलिस अधिकारी ब्रुइनला माग दिला आणि दामोदरपंत सापडले. 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. शेवटी त्यांच्यापाशी गीता होती, त्याच तुरुंगात असलेल्या टिळकांनी दिलेली. बाळकृष्णपंत निजामाच्या मुलखात दडून राहिले होते, तेही पुढे सापडले. मग 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री धाकटे वासुदेव आणि त्यांचे मित्र महादेव रानडे वेष पालटून द्रविडांच्या दारात गेले. ब्रुइनसाहेबांनी बोलावले आहे, असे सांगून दोघा भावांना बाहेर काढले आणि थोड्या अंतरावर गोळ्या घातल्या. मुख्य माणूस, मग शेजारच्या गाडीतला माणूस, मग शेजारच्या आळीतला. तिसऱ्या पायरीवर मरणारा मराठी बोलणारा होता आणि मारणाराही. पहाटे दार वाजवून अंमलदाराच्या नावाने माणसाला घराबाहेर बोलावणे पुण्याने दोन वर्षांपूर्वी शिपायांकडून पाहिले होते. या रात्री तीच हाक वासुदेवाने दिली.

वासुदेवाला 8 मे 1899 ला फाशी झाली, रानड्यांना 10 मेला, बाळकृष्णपंतांना 12 मेला. एका घरातले तीन मुलगे गेले. वासुदेव अजून विशीच्या आतबाहेर होता. त्याच्या कृत्याचा मी निषेध करतो, आणि तो लिहिताना हात थरथरतो, हेही लिहून ठेवतो.

मग या हिंसेने काही साधले का? प्लेग पुण्यात पुन्हा आला. मुंबईत 9 मार्च 1898 ला झडतीवरून मोठी दंगल उसळली, विणकर मुसलमानांच्या मोहल्ल्यात सुरू झालेली. यानंतरच्या काळात सरकार सक्तीच्या झडत्यांतून हळूहळू मागे सरले. त्यामागे दंगलींची धास्ती होती, आणि एवढ्या बळजबरीने रोग हटत नाही हा अनुभवही होता. म्हणून हिंसेने कधीच काही साधत नाही, असे म्हणून मला सुटता येत नाही. लोक चवताळतात ही भीती सत्तेला अर्जांपेक्षा लवकर कळते. 1897 च्या कागदांत ते पानोपानी दिसते आणि ते सत्तेला लाजिरवाणे आहे. पण दामोदरपंतांनी जे मागितले होते तो धोरणबदल नव्हता. त्यांनी मागितला होता सूड, आणि तो ते हिशेबाने घेऊ शकले नाहीत. मी त्यांच्या संतापाच्या बाजूने आहे. रँडच्या मृत्यूविषयी माझे मन आजही दोन्हीकडे ओढले जाते. आयर्स्ट आणि द्रविड बंधूंविषयी मात्र माझ्या मनात शंका नाही. ते खून होते.

रँडच्या मसुद्यातले ते वाक्य त्याच्या मृत्यूनंतर सरकारने छापले तेव्हा तसेच ठेवले. गोखल्यांना पत्रे लिहिणाऱ्यांची नावे गोखल्यांबरोबर गेली. दामोदरपंतांच्या जबाबात बायकांना घराबाहेर काढल्याचे येते, पण कोणत्या बाईला, कुठल्या आळीत, ते येत नाही. सव्वादोन लाख झडत्यांचा हिशेब सरकारने शेवटच्या आकड्यापर्यंत लिहून ठेवला. ज्या बायकांच्या नावाने एका बाजूने खून केले आणि दुसऱ्या बाजूने अहवाल लिहिला, त्यांच्यापैकी एकीचीही साक्ष कोणी नोंदवून घेतली नाही. रमाबाईंनी आपण होऊन जे लिहिले, तेवढेच एक पत्र आहे.